बाल्यातील अनुबंध आणि आपला मराठी मुलूख



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आपण मला दिले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा आपल्या भागातील बोलीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज लहान मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील पहिल्या नात्याविषयी बोलणार आहे. मानसशास्त्र हा माझा अध्ययनविषय नव्हे. तरीही हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली.

पहिले कारण गुरुजी स्वतः. आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत अनेक मुली धाकटे भावंड कडेवर घेऊन शाळेत येत. आईबाप पहाटेच शेतात गेलेले असत. त्या मुलींना गुरुजींनी कधी परत पाठविले नाही. लेकरू रडले तर मुलीने त्याला घेऊन ओसरीत फिरावे आणि खिडकीतून धडा ऐकावा, असा त्यांचा अलिखित नियम होता. एकदा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने यावर हरकत घेतली. गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, लेकराले बाहेर काढलं, तर त्याच्या मागं पोरगीबी जाईल.’’ त्या वेळी आम्ही हसलो होतो. त्या एका वाक्यात किती शहाणपण होते, हे कळायला मला चाळीस वर्षे लागली.

दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. १९५४ च्या पावसाळ्यात, वयाच्या चौथ्या वर्षी मला घटसर्प झाला. वडिलांनी पांढुर्ण्याहून रेल्वेने मला एका मोठ्या गावच्या रुग्णालयात नेले. साथीच्या रोगांच्या कक्षात पालकांना प्रवेश नसे. अठरा दिवस मी तेथे एकटा होतो. पहिले काही दिवस मी सतत रडलो, मग रडणे थांबविले, आणि ‘आता पोरगा रुळला’ असे परिचारिकांनी वडिलांना सांगितले, असे घरात सांगत असत. पोळ्याच्या तोंडावर मला घरी आणले. तान्ह्या पोळ्यासाठी घेतलेला लाकडी बैल हातात धरून आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले, आणि तिला ओलांडून आजीकडे गेलो. पुढे काही आठवडे मी आईच्या हातचा घास घेत नव्हतो. त्यानंतर उलटेच झाले. तिचा पदर मी सोडीना, ती विहिरीवर निघाली तरी मागे रडत जाई. आईच्या मनाला ही गोष्ट कायमची लागली. ‘‘माह्या लेकरानं मले ओळखलं नाही,’’ असे ती म्हातारपणीही म्हणत असे. ती १९८३ साली गेली. त्यानंतर आठ वर्षांनी मानसशास्त्र विभागातील एका सहकाऱ्याने मला एक पुस्तक वाचावयास दिले, आणि माझी ती हकीकत त्यात जणू पायरीपायरीने लिहिलेली मला आढळली. ती काय होती, ते आता सांगतो.

अनुबंधाचा विचार

या विचाराचे प्रवर्तक जॉन बोल्बी हे इंग्रज मनोविकारतज्ज्ञ. त्यांचा जन्म १९०७ मध्ये लंडनमधील एका सुखवस्तू घरात झाला. त्या वर्गातील रीतीप्रमाणे आईची भेट दिवसाकाठी तासभर होई आणि मुलांचे सारे करणे दाईकडे असे. बोल्बी सुमारे चार वर्षांचे असताना त्यांची लाडकी दाई काम सोडून गेली. तिच्या जाण्याचे दुःख आई गेल्यासारखे होते, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लक्षावधी मुले निराधार झाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने अशा मुलांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल लिहिण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मूल आईला चिकटते ते दुधासाठी, असे त्या काळापर्यंत बहुतेक विद्वान मानीत. बोल्बींनी म्हटले की जवळीक ही स्वतंत्र भूक आहे. असहाय जन्मलेल्या जीवाने जगण्यासाठी एका ठरावीक माणसाच्या आसपास राहणे ही निसर्गानेच केलेली योजना आहे. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये माकडांच्या पिलांवरील प्रयोगांतून याला दुजोरा दिला. एक कृत्रिम आई तारेची, तिच्याकडे दूध; दुसरी मऊ कापडाची, तिच्याकडे काहीच नाही. पिले दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून असत. या प्रयोगांत पिलांचे जे हाल झाले, ते आज आपल्याला अस्वस्थ करतात, हेही सांगितले पाहिजे.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक चित्रपट तयार केला. दोन वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात आईविना राहते, एवढाच त्याचा विषय. अशा मुलांच्या अवस्थेच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. प्रथम निषेध, म्हणजे आक्रोश. मग निराशा, म्हणजे मूकपणा. आणि शेवटी अलिप्तता, म्हणजे आई आल्यावरही तिच्याकडे पाठ फिरविणे. ज्या शांततेला परिचारिका ‘रुळणे’ म्हणत, ती वस्तुतः दुःखाची पुढची पायरी होती. डॉक्टरांनी आरंभी या चित्रपटावर टीका केली; परंतु १९५९ मध्ये ब्रिटनमधील सरकारी समितीने रुग्ण बालकांना आईवडिलांनी हवे तेव्हा भेटू द्यावे, अशी शिफारस केली. आईला पाठ दाखविणारे मूल तिला विसरलेले नसते. वाट पाहणे असह्य झाले म्हणून त्याने मन मिटून घेतलेले असते. हे मी वाचले तेव्हा ज्या व्यक्तीला सांगावयाचे, ती उरली नव्हती.

मेरी एन्सवर्थ या विदुषींनी या विचाराला निरीक्षणाची बैठक दिली. १९५४–५५ मध्ये त्यांनी आफ्रिकेतील युगांडात सव्वीस कुटुंबांत जाऊन तान्ही मुले व त्यांच्या आया यांचे निरीक्षण केले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात तशीच निरीक्षणे केली. त्यांचा निष्कर्ष साधा आहे. बाळाची खूण ओळखून वेळीच आणि सातत्याने प्रतिसाद देणारे माणूस लाभले, तर त्या बाळाला एक आश्रयस्थान मिळते आणि तेथून ते धिटाईने जग पाहावयास निघते. मूल जवळ घेतल्याने लाडावते, ही आपली समजूत त्यामुळे मागे पडली. ज्याला परतण्याच्या जागेची खात्री आहे, तेच मूल दूर जाते.

संतांची साक्ष

येथवरची सारी नावे परकी आहेत. परंतु मराठीच्या विद्यार्थ्याला यात काही ओळखीचे ऐकू येत नाही काय? आपण ज्ञानदेवांना ‘माउली’ म्हणतो. पंढरीच्या देवाला ‘विठाई’ म्हणतो. भक्ताची आर्तता सांगताना आपले संतकवी गाय आणि वासरू, पक्षिणी आणि पिले यांच्याकडेच वारंवार वळतात. त्यांतील एक प्रतिमा कासवीची आहे. कासवी पिलांना पाजीत नाही. दूर राहून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, असा संकेत संतवाङ्मयात सर्वत्र आढळतो. प्राणिशास्त्र हे मान्य करणार नाही. कासवी वाळूत अंडी घालते आणि निघून जाते. पण माणसाच्या बाळाबाबत तो संकेत आश्चर्यकारकपणे खरा आहे. अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७५ च्या सुमारास एक प्रयोग केला. बाळाशी हसत खेळत असलेल्या आईने एकाएकी चेहरा निश्चल ठेवावयाचा. आई समोरच बसलेली; बाळाला भूक नाही, दुखणे नाही. तरी थोड्याच क्षणांत बाळ अस्वस्थ होते, तिला हसविण्याची धडपड करते आणि अखेर मान फिरविते. नजरेने पोषण होते, आणि नजर आटली की उपासमारही होते.

दुसरी साक्ष मुक्ताबाईची. परंपरेनुसार आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तेव्हा चारही भावंडे लहान होती आणि मुक्ताई सर्वांत धाकटी. आईचा सहवास तिलाच सर्वांत कमी लाभला. आणि तरीही, लोकांच्या निंदेने खिन्न होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा बाहेर उभी राहून थोरल्या भावाची आईच्या मायेने समजूत घालणारी तीच. ‘ताटीचे अभंग’ मी वर्षानुवर्षे शिकविले. आज मला त्यांत दिसते ते असे : त्या अनाथ घरात भावंडांनी एकमेकांचे आईपण केले होते, म्हणूनच ते तिच्यापाशी देण्याइतके शिल्लक होते.

सगुणाबाईंपासून यशवंतापर्यंत

आता इतिहासाच्या अधिक ठाम भूमीवर येऊ. जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ चा. वर्षाच्या आतच त्यांची आई चिमणाबाई निवर्तली. त्यांना वाढविले ते नात्यातील एका बालविधवेने, सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. त्या कामात त्यांना जे नवे जग दिसले, ते त्यांनी जोतीरावांपर्यंत आणि पुढे सावित्रीबाईंपर्यंत पोचविले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिचे श्रेय देताना या स्त्रीचे नाव आपण बहुधा विसरतो. परक्यांची मुले सांभाळून पोट भरणाऱ्या एका विधवेने आई नसलेल्या एका मुलाला आश्रयस्थान दिले, ही त्या साऱ्या कार्याआधीची घटना आहे.

१८६३ मध्ये फुले दाम्पत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अर्भकहत्येबद्दल एका ब्राह्मण विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे त्याचे निमित्त. फसविल्या गेलेल्या विधवेने येथे यावे, निर्भयपणे बाळंत व्हावे, आणि मूल नेणे शक्य नसेल तर येथेच ठेवावे, अशी ती सोय होती. अशाच एका काशीबाई नावाच्या विधवेला १८७४ च्या सुमारास झालेला मुलगा या अपत्यहीन दाम्पत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालविला. सावित्रीबाई एका आजारी मुलाला स्वतः उचलून त्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

सगुणाबाईंच्या मांडीवर वाढल्यामुळे जोतीरावांनी ते गृह काढले, असे विधान मी करणार नाही. इतिहासात असा सरळ कार्यकारणभाव सिद्ध होत नसतो. पण तिघांच्या ओळीकडे पाहा. सगुणाबाईंनी जोतीरावांना जन्म दिला नव्हता. सावित्रीबाईंनी यशवंताला जन्म दिला नव्हता. आणि प्लेगचे ते लेकरू तर रस्त्यापलीकडचे होते. रक्ताचे नाते नसतानाही आईपण एका पिढीकडून दुसरीकडे गेले. अनुबंध बांधला जातो तो सांभाळण्याने, हे सिद्धान्त मांडला जाण्यापूर्वी सत्तरऐंशी वर्षे आपल्या मुलखात घडून गेले होते.

एक माणूस, एक मूल

१८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या पुढाकाराने टाकलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. ज्या क्षेत्री देवाला आई म्हणतात, तेथेच त्याची गरज पडली, हा आपल्या समाजावरील अभिप्राय होय. अशा संस्थांनी असंख्य जीव वाचविले. पण संस्थेत मूल जगले तरी एवढ्याने भागत नाही. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये दाखविले की स्वच्छता आणि अन्न असूनही एका माणसाची माया न मिळालेली अर्भके खंगतात. अलीकडची साक्ष रुमानियातील आहे. २००० नंतर बुखारेस्टच्या अनाथालयांतील सहा महिने ते अडीच वर्षे वयाच्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना पालक कुटुंबे मिळवून दिली. ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळाले, त्यांच्यात जवळिकीचे नाते सावरण्याची शक्यता अधिक दिसली.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर टाकलेल्या अपंग, मतिमंद, मूकबधिर मुलांचे घर उभे केले, हे आपणांस ठाऊक असेलच. या मुलांच्या नावापुढे ते पिता म्हणून स्वतःचे नाव लावतात. अठरा वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढणारा नियम बदलावा, असा त्यांचा आग्रह राहिला आहे. शासनाने २०२४ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ दिली. मुलाला छप्पर देणे वेगळे आणि ‘हा माझा’ असे म्हणणारे एक माणूस देणे वेगळे. हा भेद त्यांनी ग्रंथांवाचून जाणला.

ताराबाई मोडक यांचेही स्मरण केले पाहिजे. लग्नानंतर काही वर्षे त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम करून त्या महाराष्ट्रात परतल्या, आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. पुढे ते काम कोसबाडला गेले. त्यांच्या सोबत होत्या अनुताई वाघ, ज्या तेराव्या वर्षी विवाहित झाल्या आणि अल्पकाळातच विधवा. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हा मराठी शब्द देशभर गेला. कोसबाडच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या, कारण वारली मुली शाळेत येत नसत त्या धाकट्या भावंडांमुळे. लेकरू शेजारच्या पाळण्यात दिसत राहिले की मुलगी अभ्यासाला बसे. आमच्या गुरुजींच्या ओसरीत हेच घडत होते. त्यांनी ताराबाईंचे लेखन वाचले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. त्यांनी मुले पाहिली होती.

एक सावधगिरी

या विचाराचा गैरवापरही झाला. बोल्बींच्या आरंभीच्या लेखनात सारा भार आईवर होता. युद्धानंतर स्त्रियांना नोकऱ्यांतून घरी धाडण्यास त्याचा आधार घेतला गेला. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये या मताची कठोर तपासणी करून दाखविले की आईपासून दूर होणे आणि कोणाशीच नाते न जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलाचा जीव आजीवर, बापावर, थोरल्या बहिणीवर जडू शकतो. एकाच वेळी अनेकांवर जडू शकतो. अट इतकीच की ती माणसे ठरावीक असावीत आणि टिकावीत. आपल्याकडील ओसरीवरच्या अनेक हातांना हे नवे नाही. म्हणून शेतावर किंवा नोकरीवर जाणाऱ्या मातेला दोष देण्यासाठी माझे हे व्याख्यान कोणी वापरू नये, अशी विनंती आहे. तसेच, बालपण हरपले म्हणून पुढचे सर्व गेले, असेही नाही. उशिरा भेटलेला एखादा शिक्षकही माणसाला सावरतो. या सभागृहात त्याची उदाहरणे बसलेली आहेत.

आपल्या गावांपुरते

आता पांढुर्णा आणि सौंसर यांच्याकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, पण घरातली बोली तीच राहिली. आजही संत्र्याच्या तोडीला, कापसाच्या वेचणीला बाया पहाटे निघतात. धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून लेकरू निजविणारी आई अजून दिसते. कोणी बोरगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात, कोणी नागपूरला स्थायिक झाले आणि लेकरू आजीपाशी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वरजा सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु रोजाने वेचणी करणारीला रजा देणारा मालकच नाही. तिच्यासाठी अंगणवाडी हीच काय ती सोय.

आणि शाळेचा पहिला दिवस! अडीचतीन वर्षांचे मूल आज रिक्षात बसवून धाडले जाते. आपल्या सीमाभागात त्या एकाच सकाळी ते आईला सोडते आणि आईच्या भाषेलाही सोडते. वर्गात सारे हिंदी किंवा इंग्रजी. ज्या शब्दांनी त्याला निजविले, त्यांतला एकही शब्द तेथे ऐकू येत नाही. भाषांचा मला द्वेष नाही. हिंदी ही आपल्या राज्याची भाषा आहे आणि ती उत्तम आलीच पाहिजे. परंतु रडणाऱ्या मुलाची समजूत त्याच्याच बोलीत घालावी, एवढे तरी आपण करू शकतो.

संस्थेपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. बालवर्गात पहिले पंधरा दिवस आईला, आजीला किंवा सांभाळणाऱ्या कोणालाही वर्गात बसू द्यावे आणि तिचे बसणे हळूहळू कमी करावे. बालवर्गाच्या बाई वर्षाच्या मध्ये बदलू नयेत. शक्य तर दोन्ही वर्षे त्याच असाव्यात. आणि त्या बाईंना मुलाच्या घरची बोली यावी. यांपैकी एकाही गोष्टीला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. ‘रडून रडून गप्प होईल’ हे वाक्य मात्र या शाळेत कोणी उच्चारू नये. गप्प झालेले मूल रुळलेलेच असते असे नाही. हे मी पुस्तकांत वाचले ते पुढे. अनुभवले ते आधी.

असो. आपला फार वेळ घेतला. आईने तो लाकडी बैल शेवटपर्यंत देवघराच्या फळीवर ठेवला होता. तिच्या मागे तो माझ्याकडे आला. त्याचे एक चाक निखळले आहे. या पोळ्याला माझ्या नातवाने तो ओढीत अंगणभर नेला आणि दर थोड्या वेळाने मागे वळून, मी ओट्यावर आहे ना, हे पाहिले. मी तेथेच बसून राहिलो. आईला जे सांगावयाचे राहून गेले, ते आज गुरुजींच्या स्मृतीपुढे आणि आपल्यासमोर सांगता आले, याचे मला समाधान आहे.